परीक्षेच्या दिवशी आलेला खोटा फोन: मुलाला शिक्षा कोणती करावी?

प्रश्न: मी एका तालुक्याच्या गावातील अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे साधारण अकराशे विद्यार्थी आहेत. प्रथम सत्र परीक्षेत गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी, शाळेत बॉम्ब ठेवल्याचा फोन ११२ क्रमांकावर गेला. पोलिसांनी कळवताच आम्ही इमारत रिकामी केली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून बॉम्ब शोधक व नाशक पथक येऊन तपासणी संपेपर्यंत दुपार उलटली. काहीही सापडले नाही. मागच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप होते, त्यामुळे सगळी मुले पुढच्याच जिन्याने उतरली आणि त्या गर्दीत सहावीतील एक मुलगी पडून तिचा हात मोडला. संध्याकाळी आठवीतील एका मुलाने आपल्या आईला सांगितले की तिच्या मोबाइलवरून त्याच्या वर्गमित्राने हा फोन केला होता, आणि त्या बाई मुलाला घेऊन शाळेत आल्या. फोन करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाने अभ्यास झाला नव्हता असे सांगून कबुली दिली आहे. वडिलांनी त्याला घरी बेदम मारले. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचे नाव व फोटो फिरत असून त्याच्या हातात दाखला द्या अशी मागणी होत आहे. त्याला प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेपुढे उभे करून माफी मागायला लावावी, असे संस्थाध्यक्षांचे म्हणणे आहे. वर्गशिक्षिका म्हणतात, लहान आहे, सोडून द्या. पोलीस जबाब घेऊन गेले आहेत. मी काय करावे?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर:

बाई, सप्रेम नमस्कार.

शिक्षेचा निर्णय घेण्याआधी गणिताचा राहिलेला पेपर घ्या. त्या पेपरचे पुढे काय झाले याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, म्हणून हे सर्वांत आधी लिहिते. घटक चाचणीवरून सरासरी गुण देऊन विषय मिटवावा असा सूर शिक्षकसभेत निघाला असेल तर तो मान्य करू नका, कारण फोन केल्याने पेपर टळतो यावर मग शाळेनेच शिक्कामोर्तब केल्यासारखे होईल. नवी प्रश्नपत्रिका काढा, चार दिवस आधी तारीख जाहीर करा आणि त्या मुलालाही त्याच दिवशी, त्याच वर्गात, त्याच्या नेहमीच्या बाकावर बसवा. ज्या पेपरला तो घाबरला तो त्याने इतरांबरोबर द्यावा, इथून त्याच्या शिक्षेची सुरुवात व्हावी.

परीक्षा टाळण्यासाठी असा मार्ग काढणारा तुमचा विद्यार्थी एकटा नाही. १ मे २०२४ रोजी दिल्ली आणि परिसरातील शंभराहून अधिक शाळांना एकाच दिवशी धमकीचे ईमेल आले आणि मुलांना न्यायला धावलेल्या पालकांची दृश्ये देशभरच्या वाहिन्यांनी दिवसभर दाखवली. त्यानंतर असे मेल येतच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला असाच एक मेल त्याच शाळेत शिकणाऱ्या दोन भावंडांनी, अभ्यास झाला नसल्याने परीक्षा पुढे जावी म्हणून पाठवला होता, असे दिल्ली पोलिसांनी तपासाअंती सांगितले. आधीच्या घटनांवरून ही कल्पना सुचल्याचे त्या मुलांनी कबूल केले आणि पोलिसांनी त्यांचे समुपदेशन करून, आई-वडिलांना समज देऊन त्यांना सोडले. तेरा वर्षांच्या मुलाला हे सुचले कुठून, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अशाच बातम्यांत सापडेल. मात्र सगळेच निरोप मुलांचे नसतात आणि फोन येतो त्या क्षणी तो कोणाचा हे कोणालाही ठाऊक नसते. म्हणून इमारत ताबडतोब रिकामी करण्याचा तुमचा निर्णय पूर्णपणे योग्य होता. उद्या पुन्हा फोन आला तरी तेच करावे लागेल, आणि पुढचे सर्व मी हे मनात धरूनच लिहीत आहे.

दाखला हातात देण्याची मागणी कायद्यापुढे टिकणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पालकांकडून स्वेच्छेचा अर्ज लिहून घेऊन दाखला देण्याची पळवाट काही ठिकाणी काढली जाते. तुम्ही ती काढू नका, कारण दबावाखाली लिहिलेल्या अर्जात स्वेच्छा कुठून येणार? आणि समजा हा मुलगा दहावीत असता, तरीही माझा सल्ला हाच राहिला असता. दाखला घेऊन तो शेजारच्या गावच्या शाळेत जाईल, त्याच्याआधी त्याची बदनामी तिथे पोहोचेल, किंवा तो घरीच बसेल. दोन्हींमध्ये त्याने केलेल्या नुकसानाची भरपाई कोणालाच मिळणार नाही. अमेरिकेतील शाळांनी शस्त्रे, अमली पदार्थ आणि धमक्यांबाबत कोणतीही गय न करता मुलांना काढून टाकण्याचे धोरण बरीच वर्षे राबवले. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याच देशात व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ड्यूई कॉर्नेल यांनी २००१ पासून विकसित केलेल्या पद्धतीत, धमकी देणाऱ्या मुलाचा कोणाला इजा करण्याचा खरोखर बेत होता का, त्याच्याकडे साधन होते का, हे आधी तपासतात आणि त्यावरून पुढची पावले ठरवतात. तुमच्या विद्यार्थ्याचा तसा काही बेत असल्याचे पत्रावरून दिसत नाही. पण धमकी पोकळ होती म्हणून तिचे परिणाम पोकळ ठरत नाहीत, आणि इथेच तुमच्या वर्गशिक्षिकांशी माझा मतभेद आहे. मुलाला जपण्याची त्यांची इच्छा मोलाची आहे. तरीही 'सोडून द्या' म्हटल्याने हात मोडलेल्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना, आपल्या दुखण्याची शाळेला काही किंमत नाही, असेच वाटेल.

संस्थाध्यक्षांची सूचना मला सर्वांत धोक्याची वाटते. अकराशे मुलांपुढे एकाला उभे करून माफी मागायला लावणे हा मानसिक छळ आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर त्यालाही मनाई केली आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी संध्याकाळी शाळेला खरे कसे कळले ते आठवून पाहा: एका मुलाने घाबरत का होईना, आपल्या आईला सांगितले आणि ती आई कोणताही आडपडदा न ठेवता तुमच्याकडे आली. शाळेची खरी सुरक्षा याच धाग्यावर उभी असते. एखाद्याच्या दप्तरात चाकू पाहिलेला मुलगा, मैत्रिणीने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केल्याचे ऐकलेली मुलगी, यांनी मोठ्यांकडे येऊन तोंड उघडावे एवढ्यावर आपली भिस्त असते. खरे बोलल्यावर मित्राचे प्रार्थनेच्या मैदानावर काय झाले हे मुलांनी एकदा पाहिले, की त्यांतली बरीचशी पुढच्या वेळी गप्प बसतील. हे संस्थाध्यक्षांना स्पष्ट शब्दांत सांगा. शाळेच्या नावाची त्यांना काळजी आहे, तेव्हा हा मुद्दा त्यांना पटेल असे मला वाटते.

आता मागच्या जिन्याच्या कुलपाविषयी लिहिते. हा भाग तुम्हाला टोचेल. फोन मुलाने केला. कुलूप मात्र शाळेने लावले होते. सहावीतल्या मुलीचा हात मोडण्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे, आणि शाळेने आपला वाटाही मुलाच्या खात्यावर टाकला तर शिक्षा न्याय्य राहणार नाही. खरोखर आग लागली असती तर त्याच एका जिन्यावर काय झाले असते, याचा विचार करताना अंगावर काटा येतो. म्हणून मुलीच्या घरी तुम्ही स्वतः जा, कुलपाची चूक शाळेची होती हे तिच्या आई-वडिलांना सांगा आणि उपचाराचा खर्च संस्थेने उचलावा यासाठी संस्थाध्यक्षांकडे आग्रह धरा. शाळा भरलेली असताना ते दार कुलूपबंद राहणार नाही आणि ते पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या व्यक्तीच्या नावानिशी लेखी ठरवा. मोठ्या माणसांनी आपला हिशेब आधी मांडला, तर मुलाकडून त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार तुम्हाला पूर्णपणे पोहोचतो.

मुलाशी बोलताना 'तू असे का केलेस' या प्रश्नाने सुरुवात करू नका. त्या प्रश्नावर मुले मान खाली घालतात, किंवा समोरच्याला जे ऐकायचे आहे असे त्यांना वाटते ते सांगून मोकळी होतात. त्याला तुमच्या टेबलापुढे उभे न करता शेजारच्या खुर्चीवर बसवा, वर्गशिक्षिकांना सोबत घ्या आणि आदल्या दिवसापासून क्रमाने विचारा: शाळा सुटल्यावर कुठे गेला होतास, घरी कोण होते, पुस्तक किती वाजता उघडलेस, कोणत्या प्रकरणाशी अडलास, झोप लागली का, सकाळी मित्राच्या घरी कसा गेलास, फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय वाटले, मैदानात उभा होतास तेव्हा कोणाकडे पाहत होतास. घाई न करता इतके विचारले की 'अभ्यास झाला नव्हता' या एका वाक्यामागचे बरेच काही बाहेर येते. बैजिक राशींत दोन महिन्यांपासून काहीच कळत नव्हते आणि सांगायची लाज वाटत होती, असे निघू शकते. कमी गुण पडले की घरी पट्ट्याने मार बसतो, असे निघू शकते. वडिलांनी आता जे केले त्यावरून ही शक्यता मला बरीच वाटते. कोणी त्याला त्रास देत असेल तर तेही कळेल. बोलण्यात लैंगिक अत्याचाराची थोडीशीही चाहूल लागली तर चौकशी तिथेच थांबवून पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि घरच्या छळाविषयी १०९८ या बालमदत क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करू शकता.

त्यानंतर त्या दिवशी झालेले नुकसान त्याला जवळून पाहायला लावा, कारण तेरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे फोन करताना फक्त पेपर असतो. ज्यांना त्रास झाला अशा दोघा-तिघांना, त्यांची तयारी असेल तर, एकेक करून तुमच्या खोलीत बोलवा. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या ताईंना त्या सकाळी गॅस बंद करून अर्धे कच्चे पातेले तसेच सोडून पळावे लागले असेल. किती तांदूळ वाया गेला, घरून डबा न आणणारी किती मुले त्या दिवशी उपाशी राहिली, हे त्यांनी त्याला त्यांच्या शब्दांत सांगावे. वरच्या मजल्यावर कोणी राहिले तर नाही ना हे पाहायला पुन्हा आत गेलेले शिपाईमामा, बॉम्ब आहे असे समजून त्या पायऱ्या चढताना काय वाटले ते सांगतील. तिथे तुम्ही मध्ये बोलू नका आणि त्याला लगेच माफी मागायलाही लावू नका. त्याला ऐकू द्या. मुलीची आणि तिच्या आई-वडिलांची भेट मात्र त्यांची स्वतःची इच्छा असेल तरच, त्याच्या आई-वडिलांसह आणि तुमच्या उपस्थितीत घडवा. त्यांनी नको म्हटले तर त्यांचा तो अधिकार मान्य करून पत्रावर भागवा.

प्रत्यक्ष शिक्षा म्हणून त्याच्याकडे नुकसानाशी थेट नाते असलेले काम द्या. शौचालये धुवायला लावणे किंवा पाढे शंभरदा लिहायला लावणे यांत नुसती मानहानी आहे. त्याऐवजी आपत्कालीन सरावाची तयारी त्याच्याकडून करून घ्या: प्रत्येक वर्गाची हजेरी घेण्याची यादी तयार करणे, वर्गापासून मैदानापर्यंतच्या दोन्ही मार्गांचा नकाशा काढून दारामागे लावणे, एकेका मजल्याला उतरायला किती मिनिटे लागतात ते शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांबरोबर मोजणे. महिनाभर, रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली हे काम व्हावे आणि त्याची सुरुवात व शेवट दोन्ही त्याला आधीच ठाऊक असावेत. त्या काळात सहल किंवा आंतरशालेय सामने आले तर त्यांना त्याला पाठवू नका. हे मुकणे त्याला समजते आणि त्यात अपमान नाही. काम संपले की शिक्षा संपली, हे शिक्षकांनाही बजावून ठेवा. वर्षअखेरीपर्यंत प्रत्येक तासाला 'काय बॉम्बवाले' म्हणून हाक मारणारा एखादा शिक्षक तुमचे सगळे काम धुळीला मिळवू शकतो.

पोलिसांच्या बाबतीत तुम्ही मध्ये पडून प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न करू नका, आणि कडक कारवाई व्हावी म्हणून जोरही लावू नका. शाळेत बॉम्ब असल्याची खोटी खबर देणे हा गुन्हा आहे आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला वयाच्या कारणावरून त्यातून संपूर्ण सूट मिळत नाही. पण त्याचा विचार २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसारच व्हावा लागतो. फार गंभीर गुन्हा नसेल आणि सोबत कोणी प्रौढ आरोपी नसेल तर अशा मुलावर नेहमीसारखा एफआयआर नोंदवला जात नाही. स्टेशन डायरीत नोंद करून त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवला जातो. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. समज देऊन घरी पाठवणे, गट समुपदेशन, देखरेखीखाली समाजसेवा असे पर्याय त्यांच्यापुढे असतात, आणि या कायद्याखाली हाताळलेल्या मुलाला पुढे शिक्षणात वा नोकरीत त्यामुळे अपात्र ठरवता येत नाही. हे त्याच्या आई-वडिलांना बसवून समजावून सांगा, कारण मुलाचे आयुष्य संपले या धास्तीतूनच बहुधा मार बसला आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. पुढचे सर्व बोलणे त्यांच्याशीच करा, मुलाशी बोलताना ते साध्या वेषात असावेत आणि आई किंवा वडील सोबत असावेत असा आग्रह धरा, आणि शाळेने मुलाबाबत काय पावले उचलली ते त्यांना लेखी द्या. वडिलांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगा: शाळेच्या बाबतीतली शिक्षा शाळा करत आहे, तेव्हा घरी पुन्हा हात उगारायचा नाही, आणि तसे झाल्याचे कळले तर शाळा गप्प बसणार नाही.

व्हॉट्सॲप गटाचे काम आजच करा, उद्यावर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शाळेच्या शिक्क्यानिशी छोटे निवेदन काढा: त्या दिवशी काय घडले, मुले सुरक्षित आहेत, मागच्या जिन्याच्या दाराबाबत कोणता बदल केला, पेपर कोणत्या तारखेला होणार, संबंधित विद्यार्थ्यावर शिस्तीची कारवाई चालू आहे आणि तिचा तपशील सांगितला जाणार नाही; फोटो व नाव ताबडतोब काढून टाकावे, अन्यथा तो कायद्याचा भंग ठरेल. नंतर पालक-शिक्षक संघाची सभा घ्या आणि चिडलेल्या पालकांचे पूर्ण ऐकून घ्या. त्यांची मुले त्या सकाळी मरणाच्या भीतीने रडत बाहेर आली होती, त्यांचा राग खोटा नाही. त्या मुलाचे काय केले, असा प्रश्न सभेत दहादा येईल आणि दहाही वेळा तेच उत्तर द्यावे लागेल.

उरला ज्याच्या घरचा मोबाइल होता तो मुलगा. फोन कशासाठी हवा हे त्याला आधी माहीत होते का, ते वेगळे बसवून विचारा. माहीत असेल तर सरावाच्या कामात आठवडाभर त्यालाही घ्या. माहीत असो वा नसो, त्याने आणि त्याच्या आईने खरे सांगितले याबद्दल दोघांना तुमच्या खोलीत बोलावून शाळेतर्फे आभार माना, आणि मित्राचे नाव सांगितले म्हणून वर्गात कोणी त्याला 'चुगलखोर' म्हणून छळत नाही ना, याकडे वर्गशिक्षिकांना लक्ष ठेवायला सांगा.

या सर्वाची नोंद एका बंद फाइलमध्ये तुमच्या ताब्यात ठेवा: मुलाचे म्हणणे, दिलेले काम, पूर्ण झाल्याची तारीख, पालकांच्या सह्या. अडीच वर्षांनी तो दहावी होऊन शाळा सोडेल तेव्हा दाखल्यावरचा 'वर्तणूक' हा रकाना कोणीतरी भरेल, आणि तो भरताना या फोनची आठवण काढली जाण्याची शक्यता आहे. त्याने काम पूर्ण केले असेल आणि पुन्हा तसे काही केले नसेल, तर तिथे इतर मुलांप्रमाणेच 'चांगली' असे लिहावे, अशी सूचना त्या फाइलच्या पहिल्या पानावर तुमच्या सहीने आताच लिहून ठेवा.